खडकाचा आकडा

आकडा फार चांगला आला आणि तिथेच मला शंका आली.

आमच्या कामात फार चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरा आकडा जरा इकडेतिकडे झुकलेला असतो. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी तो एका बाजूला सरकतो, गुरं खालच्या कुरणात जास्त राहिली तर दुसऱ्या बाजूला. मापात कापल्यासारखा आकडा आला, की समजावं कोणीतरी कात्री चालवली आहे. हे मला कोणी शिकवलं नाही. यंत्रासमोर बसून बसून डोळे आणि कंबर दोन्ही गेली, त्याच्या बदल्यात एवढी अक्कल मिळाली.

आम्ही प्रयोगशाळेत चीज, लोणी आणि दूधपावडर यांचं गाव सांगतो. वेष्टनावर डोंगर आणि गाय छापायला कोणाच्या बापाचं काय जातं? सपाटीवरच्या कारखान्यातलं चीजही डोंगराचा शर्ट घालून दुकानात बसतं. पण ज्या चीजला आमच्याकडून उगमाचा शिक्का मिळतो, ते खरोखर त्या डोंगराचंच असतं. कारण गाय पाणी पिते ते त्या उंचीवरच्या पावसाचं, आणि उंचावरच्या पावसाचं पाणी सपाटीवरच्यापेक्षा कणभर हलकं असतं. गाय गवत खाते ते त्या मातीतलं, आणि माती त्या खडकाची. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. त्याची काही भावंडं जड, काही हलकी, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक डोंगराचं वेगळं. ते प्रमाण खडकातून गवतात, गवतातून गाईत, गाईतून दुधात उतरतं. मी चीजचा तुकडा जाळून राख करते, राख आम्लात विरघळवते, त्यातून स्ट्रॉन्शियम वेगळं काढते आणि यंत्राला पाजते. यंत्र जो आकडा देतं तो डोंगराशी जुळला तर शिक्का, नाही जुळला तर रामराम.

नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण हा नमुना कोणाचा ते मला पेटी उघडल्याबरोबर कळलं होतं. चीजच्या चकतीच्या कडेला एक बारीक उंचवटा होता. तसा तो एकाच साच्यातून येतो, आणि तो साचा आमच्या आईच्या हातून पडून चिरला होता. माझा धाकटा भाऊ अजून तोच वापरतो. नवा घे म्हटलं तर म्हणतो, "ताई, तुझं नाकही वाकडं आहे, बदललं का आम्ही?"

मी तेव्हाच साहेबांकडे गेले. म्हटलं, "हा माझ्या भावाचा नमुना आहे. मी हात लावणं बरं नाही, दुसऱ्या कोणाला द्या."

साहेबांनी चष्मा कपाळावर सारला. "दुसरं आहे कोण? आणि भावाला पास करण्यातल्या तुम्ही नाही. तुम्ही त्याला दोनदा नापास कराल. करा तुम्हीच, मी सही करण्याआधी तपासतो."

तर तो आकडा असा आला. दोन वर्षं पाऊस रुसलेला. वरची कुरणं करपून गेलेली. डोंगरावरच्या सगळ्यांनी गाड्या भरभरून सपाटीवरचं वाळलं गवत आणलेलं, हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, सगळ्या जगाला माहीत होतं. त्यामुळे त्या डोंगरावरून आलेले बाकीचे नमुने घसरले होते. कोणी थोडक्यात वाचलं होतं, कोणी सपशेल आपटलं होतं. एकट्या धाकट्याचा आकडा ताठ उभा होता. त्याच्या कुरणावर काय आभाळातून वेगळा पाऊस पडला होता?

मी आमच्या जुन्या मोजण्या काढून बघितल्या. गवत काही खडक दळून खात नाही. खडकातलं जेवढं पाण्यात विरघळतं तेवढंच ते उचलतं. म्हणून दुधाचा आकडा खडकाच्या आकड्याच्या शेजारी असतो, पण थेट त्याच्यावर कधी बसत नाही. धाकट्याचा बसला होता. हा गवताचा आकडा नव्हता. हा खडकाचा आकडा होता.

गाईंच्या पोटात खडक गेला होता.

आता खडक पोटात गेला तर एकटं स्ट्रॉन्शियम कशाला जाईल? सोबत वऱ्हाड असणारच. उगमासाठी आम्ही बाकीचे धातू मोजत नाही, कोणी मागतही नाही. मी मोजले. तांबं, जस्त, कॅडमियम, आणि मग शिसं. शिशाची रेघ पडद्यावर वर चढायला लागली आणि चढतच राहिली. मी यंत्र धुऊन घेतलं, नुसतं आम्ल पाजलं, रेघ खाली बसली. पुन्हा धाकट्याची राख पाजली, पुन्हा वर.

साहेबांनी तो पडदा बघितला आणि खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अन्न तपासणी कार्यालयाला मी आत्ता कळवतो. तुम्ही भावाला सांगा, पण माझा फोन झाल्यावर. आधी नाही."

"मी काय त्याला पळवून लावणार आहे?"

"तसं नाही हो," साहेब म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर तुमच्यावर बालंट नको."

ते बरोबर बोलत होते, म्हणून मला त्यांचा आणखी राग आला. त्यांचा फोन झाल्यावर मी धाकट्याला लावला. वाजून वाजून बंद झाला. दूध काढायच्या वेळी तो फोन घरात ठेवतो. भावजयीचाही लागेना. मी ॲप्रन खुंटीला अडकवला आणि बस पकडली.

घर तसंच होतं. खिडक्यांच्या चौकटींचा हिरवा रंग पोपडे धरून सुटत होता, तो आमच्या वडिलांनी दिलेला. पायरीवर माझी भाची बसली होती. तिला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून तिचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला मी दिसले की तिच्या बातम्या सुरू व्हायच्या, कोंबडी कुठे बसली, आई कोणावर ओरडली, बाबांनी चहात मीठ कसं टाकलं. त्या दिवशी ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"काय गं, आज प्रसारण बंद?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं, हसलीही. मग ओठ हलवले आणि जरा वेळाने म्हणाली, "आत्या." पुढे काही नाही.

भावजय दाराशी आली. "शहाणी झालीय हो ताई आता. ती टकळी बंद झाली. पोटाचं मात्र चाललंय काहीतरी, जेवायला बसली की पोट धरते. जंताचं औषध दिलं." मग माझा चेहरा बघून थांबली. "तुम्ही अशा मध्येच कशा आलात?"

मी विचारलं, "धाकटा कुठे आहे?"

तो गोठ्याला लागूनच्या खोलीत होता. हात कोपरापर्यंत ओले, कपाळावर केस चिकटलेले, आणि मला बघून तोंडभर हसू. "पास ना?" तो म्हणाला. "पासच असणार. सांगायला स्वतः आलीस म्हणजे पहिल्या नंबरात आलो वाटतं!"

"गुरांना काय घालतोस?"

"गवत."

"आणखी?"

तो अजून हसतच होता. त्याला वाटलं मी कौतुकाने विचारते आहे. त्याने मला कोपऱ्यातल्या पोत्याजवळ नेलं. मिठाच्या ढेपेशेजारी ते उघडं पडलं होतं. आत करडी भुकटी, मैद्यासारखी बारीक. कडेला चाळणी. चाळणीवर, भिंतीवर, खिडकीच्या कठड्यावर, छपराच्या वाशांवर तिचाच थर.

"तुझ्या साहेबांची कृपा," तो म्हणाला. "सभेत आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं ना त्यांनी? खडक, गवत, गाय, दूध. खडक तुमच्या चीजमध्ये उतरतो म्हणाले. बाकीचे जांभया देत होते, मी नीट ऐकलं. आता गवत बाहेरचं आणावं लागलं, ठीक आहे. खडक तर आपलाच आहे! मिठात कालवून देतो. गाई चाटूनपुसून खातात. फसवणूक कसली त्यात? मधला दलाल काढला एवढंच."

"खडक कुठला आणलास?"

"जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यावरचा. आयता दळलेला. बाकी डोंगर फोडत कोण बसणार?"

मला खोलीतली हवा एकदम नकोशी झाली. त्या ढिगाऱ्यावर आम्ही दोघं लहानपणी पत्र्यावर बसून घसरायचो. घरी आलो की आई आम्हाला दाराबाहेर कपडे काढायला लावून घासून घासून आंघोळ घालायची, आणि म्हातारी माणसं म्हणायची, तिकडे गुरं सोडायची नाहीत. का ते कोणी सांगितलं नाही. खाण बंद पडली, खाणकामगार मेले, आणि कारण त्यांच्याबरोबर गेलं. नुसती आज्ञा उरली.

"तिकडे गुरं चरायला नेत नाहीत, हे तुला ठाऊक नव्हतं?" मी ओरडले.

"ते तिथे खड्डे आहेत म्हणून. गाय पडेल म्हणून."

"खड्डे? अरे गाढवा, ती शिशाची खाण होती! त्या भुकटीत शिसं आहे. ते दुधात उतरलंय, चीजमध्ये उतरलंय, मी आज डोळ्यांनी बघून आले."

"शिसं तर पेन्सिलीत पण असतं," तो म्हणाला. "शाळेत चावून चावून खाल्लं आपण."

"पेन्सिलीत शिसं नसतं. ते नुसतं नाव आहे. हे विष आहे."

त्याचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. ते तसंच ओठांवर राहिलं, मागून चेहरा निघून गेल्यासारखं. मी विचारलं, "बाजारात किती गेलं?"

"काहीच नाही. या हंगामाचं सगळं तळघरात मुरतंय. तुमच्याकडे आला तो नमुनाच पहिला बाहेर पडला." त्याने घाईघाईने माझा हात धरला. "शपथ घेतो ताई, बाहेर कोणी खाल्लं नाही. एकालाही दिलं नाही. मी काय इतका नीच आहे? नवीन काही करायचं तर आधी आपण खाऊन बघायचं, मग लोकांना द्यायचं. आईने हेच शिकवलं ना? आम्ही घरीच खाल्लं आधी. कच्च्या चकत्या, दूध, लोणी. चांगलं लागलं. कोणाला काही झालं नाही."

"दूध कोण पितं?"

"सगळेच. ती जास्त. तिला तर पाण्याऐवजी..."

तो तिथेच थांबला. मग हळूहळू मान वळवून त्याने दारातून बघितलं. पायरीवर ती पाठमोरी दिसत होती.

"मी चाळायला बसायचो तेव्हा इथेच असायची," तो म्हणाला. "बोटाने भुकटीवर चित्रं काढायची. गंमत वाटायची तिला."

मी त्याला मारलं. आयुष्यात कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशी पाठीत दोन धपाटे घातले, जोरात, आणि तो लहान मुलासारखा उभा राहून खात राहिला. मग मीच रडायला लागले. त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी सहन होत नव्हतं. लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाने पहिली चकती बाजारात नेली असती, आणि पोरगी वाचली असती.

कार्यालयाची गाडी आली ती दुसऱ्या दिवशी. त्यांनी तळघराला टाळं ठोकलं, पोती उचलली, गाईंचं रक्त घेतलं. पण आम्ही ते बघायला नव्हतो. आम्ही तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शब्द मोजून वापरणाऱ्या. तिघांच्याही रक्तात शिसं निघालं. मोठ्यांचं त्यांना फारसं काळजीचं वाटलं नाही. पोरीचं वाटलं. औषध सुरू झालं. भावजयीने विचारलं, "पुन्हा बोलेल ना पहिल्यासारखी?"

"पोट बरं होईल," बाई म्हणाल्या. "रक्तही खाली येईल. बोलण्याचं मी आज सांगू शकत नाही. जे गेलं ते सगळं परत येईल असं म्हणाले तर खोटं होईल."

भावजय स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "रोज पेला मीच भरला ताई. नको म्हणाली तर रागावून पाजलं."

मग रंगाची गोष्ट निघाली. डॉक्टरीणबाईंनी घराची चौकशी केली, तेव्हा खिडक्यांचं कळलं. जुन्या रंगात शिसं असतं, मुलं पोपडे तोंडात घालतात, असे पेशंट त्यांनी पाहिले होते. "आधी मला कळायला हवं की हे आलं कुठून," त्या म्हणाल्या. "रंगाचं असेल तर चौकटी बदला आणि हिला घरी न्या. त्या भुकटीचं असेल तर ती भिंतींत, छपरात, जमिनीत बसलेली आहे. मग तिने त्या घरात पाऊल ठेवायचं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिशाचंही गाव सांगता येतं ना? तुमच्याकडेच करतात असं ऐकलं."

करतात. शिशालाही जड-हलकी भावंडं असतात, आणि प्रत्येक खाणीतलं त्यांचं प्रमाण वेगळं. चीजसाठी जे यंत्र, तेच रक्तासाठी.

बाहेर व्हरांड्यात धाकट्याचा चेहरा उजळला होता. किती दिवसांनी. "रंगाचं असेल ताई," तो म्हणाला. "नक्की रंगाचंच असेल. तिच्या पलंगाला लागूनच खिडकी आहे. नखाने खरवडायची, मी कितीदा पाहिलंय." तो दुपारीच गावी गेला आणि चौकटीचे पोपडे कागदात बांधून घेऊन आला. पोरीला विष दिलं ते भिंतीने दिलं असू दे, अशी माणसाने आशा करावी! पण मीही तीच करत होते. आम्हा दोघांचे वडील मेलेले होते. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं, आणि त्यांनी तक्रार केली नसती.

भावजय नवऱ्याशी बोलणं सोडून बसली होती. निरोप माझ्यामार्फत जायचे. त्याच्यासमोरच ती मला म्हणाली, "ताई, रंगाचं निघालं तर आम्ही तिघं घरी जाऊ. जुनं घर आहे, कोणाचा काय दोष. नाहीतर मी हिला घेऊन माझ्या आईकडे जाते. यांना सांगा, मागे यायचं नाही."

तो ऐकत होता. माझ्याकडे बघत होता.

साहेबांनी दुसरी प्रयोगशाळा सुचवली. तिथे रांग होती, महिना गेला असता, आणि तोवर ती पोर कुठे ठेवायची ते कोणाला ठरवता आलं नसतं. "मीच करते," मी म्हटलं. साहेबांनी मान डोलावली आणि माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, साक्षीला.

तीन कुप्या होत्या. एकीत रंग, एकीत भुकटी, एकीत ती. तिचं रक्त आम्लात जिरून पाण्यासारखं झालं होतं, रंग राहिला नव्हता. खोटं बोलायची वेळ आली तर कसं बोलायचं, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. एवढंच म्हणायचं, रंग. चौकटी बदलतील, तिघं घरी जातील, भाऊ सुटेल. आणि ती पोर त्याच छपराखाली झोपेल, जिथल्या प्रत्येक वाशावर तो करडा थर आहे. म्हणजे मग मीही चाळणी घेऊन बसल्यासारखीच.

रंगाचा आकडा आला. भुकटीचा आला. दोघांत बरंच अंतर होतं, चुकून गफलत व्हावी इतकं कमी नव्हतं. मग तिचा आला. तो भुकटीच्या आकड्यावर जाऊन बसला.

साहेब उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी बाहेर आले. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर एका टोकाला धाकटा, दुसऱ्या टोकाला भावजय, तिच्या मांडीवर पोरगी झोपलेली. मी नकाराची मान हलवली. धाकट्याला कळलं, पण तो उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा करून बघ ना."

"तेच येईल रे."

"एकदाच. माझ्यासाठी."

मी आत गेले. यंत्र धुतलं, पुन्हा तिन्ही कुप्या लावल्या. साहेबांनी अडवलं नाही. तेच आलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं नाही. भावजयीने माझ्याकडे एकदा बघितलं, पोरीला खांद्यावर घेतलं, औषधांची पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालायला लागली. धाकटा तिच्यामागे दोन पावलं गेला. तिने मागे न बघता हात आडवा केला. तो तिथेच थांबला.